एका पातेल्याची भोगी

माझं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवायच्या, असं काम. डिसेंबर सरत आला की गहू, हरभरा, ऊस सगळ्यांनाच एकदम पाणी लागतं. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मध्येच एखादा फेज उडतो, मालक पांघरुणात असतो आणि उजाडेपर्यंत मोटारीचा कोळसा झालेला असतो. मग डिग्रजहून, नांद्र्याहून, वसगड्याहून माणसं मोटारसायकलच्या मागं मोटार बांधून दारात हजर. बिल बहुतेकांचं ऊसबिल आल्यावर. पण या दिवसांत रिकाम्या हातानं सहसा कुणी येत नाही. एकाच्या हँडलला हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी, दुसऱ्याच्या पिशवीत पावट्याच्या शेंगा, तिसरा चार कांडी ऊस भिंतीला टेकवून ठेवतो आणि म्हणतो, "मालक, तेवढी परवापतूर भरून द्या. गहू पोटऱ्यात आलाय."

वर्कबेंचखाली अशा पिशव्या साठायला लागल्या की घरी फोन करून सांगावं लागतं, भोगी जवळ आली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. आमच्या भागात त्या दिवशीच्या मिसळ भाजीला खेंगट म्हणतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि राळ्याचा भात. गोडाचं काही नाही, तळणीचं काही नाही, शिरा-पुरीची आरास नाही. दिवाळीसारखा पंधरा दिवस आधी जीव टांगणीला लावणारा हा सण नव्हे, म्हणून मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. दिवाळीचं फराळ आता निम्म्या घरांत बाहेरूनच येतं. खेंगट अजून तरी ज्याचं त्याला रांधावं लागतं.

अर्थात तिथंही सोय झालीच आहे. दोन-तीन वर्षांपासून मंडईत सोललेला, चिरलेला भोगीचा वाटा पिशवीत बांधून मिळतो. सगळं थोडं थोडं, घरी नेऊन फोडणीत टाकलं की झालं. विकणाऱ्या बायकांचं कौतुकच आहे. पहाटे उठून एवढं सोलायचं म्हणजे नखं हिरवी होतात. आमची बायको शाळेच्या ऑफिसात आहे, तिला घाईच्या दिवशी असा वाटा सोन्यासारखा वाटतो आणि ते बरोबर आहे. मी मात्र भोगीला तो आणू देत नाही. का, ते सांगतो. पण त्याआधी पातेल्याची गोष्ट सांगायला पाहिजे.

आमचं घर गावभागात. नदी चालत पाच मिनिटांवर, आणि ऑगस्टमध्ये कधी कधी तीच चालत आमच्याकडं येते. २००५ सालच्या पुराची खूण गल्लीत प्रत्येकाच्या भिंतीवर होती. २०१९ च्या ऑगस्टात पाणी वाढायला लागलं तेव्हा सगळ्यांनी त्या खुणेच्या वर सामान चढवलं आणि कुलपं लावून बाहेर पडले. कृष्णेची इथली धोक्याची पातळी ४५ फूट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुन्या खुणेवरचं, तिच्या वरचं, सगळंच गेलं.

परत आल्यावर जे दिसलं त्याचं वर्णन करत बसत नाही, सांगलीत ज्यांनी बघितलंय त्यांना ते नको असतं आणि बाकीच्यांना वास सांगता येत नाही. भांड्यांचं तेवढं सांगतो. पाण्यानं आमची भांडी नेली नाहीत, त्यांची अदलाबदल केली. आमचं मोठं पितळी पातेलं मागच्या वाड्याच्या परसात गाळात रुतलेलं सापडलं. शेजाऱ्यांची काठवट आमच्या न्हाणीत. एका घरची पुरणयंत्राची जाळी आमच्या फळीवर आणि यंत्र कुणालाच सापडलं नाही. दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी कुणीतरी हातात डबा घेऊन दारात, "हे तुमचं का बघा की."

दुकानात तर मोटारींचा डोंगर. पाण्यात बुडालेल्या सगळ्याच भरायला आलेल्या. मी दिवाळी दुकानातच काढली. त्यामुळं गल्लीत सगळ्यांनी मिळून केलेला पहिला सण म्हणजे पुढच्या जानेवारीतली भोगी. दोन घरांत ओटे अजून बांधायचे होते, एकाकडं फरशीच उखडलेली. आईनं जिन्यात उभं राहून फर्मान काढलं, "पातेलं एकच धड राहिलंय, तर एकातच रांधा. परसात चूल मांडा. ज्याच्याकडं जे आसंल ते आणा." त्या वर्षी सहा घरांचं खेंगट एका पातेल्यात शिजलं. पुढच्या वर्षी सगळ्यांचे ओटे झाले होते, भांडीही आली होती, तरी भोगीच्या आधी चार दिवस समोरच्या वहिनींनी विचारलं, "मग यंदा पातेलं कधी काढायचं?" तेव्हापासून तेच चालू आहे.

आता वाट्याची गोष्ट. आमच्याकडचा नियम असा की प्रत्येकानं कच्चा माल आणायचा, तोही सालीसकट, शेंगेसकट. आदल्या दिवशी रात्रीची जेवणं झाली की आमच्या सोप्यात सतरंज्या पडतात आणि सगळे सोलायला बसतात. पावट्याच्या शेंगा, मटार, हरभऱ्याचे घाटे, तीळ निवडणं, राळं पाखडणं. खरा सण हा. दुसऱ्या दिवशी जेवताना माणसं बोलत नाहीत, जेवतात. बोलणं सगळं आदल्या रात्रीचं. हात गुंतलेले असले की फोन हातात घेता येत नाही, आणि समोरच्याच्या तोंडाकडं न बघता बोलता येतं म्हणून माणसं जरा खरं बोलतात. कुणाच्या पोराचं कुठं जमतंय, कुणाच्या भावकीचं कोर्टात काय झालं, सगळं पावट्याच्या ढिगाऱ्यावर निघतं. सोललेली भाजी आणली तर या दोन-तीन तासांचं करायचं काय?

आई खुर्चीत. सांधे धरल्यामुळं तिला खाली बसता येत नाही, पण तिचा डोळा सगळ्यांच्या ताटांवर. "ते किडकं बाजूला टाक. बघतोस कुठं?" हे मला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गिऱ्हाइकांच्या देखत. कारण दोन-चार गिऱ्हाइकंही असतात. मोटार न्यायला आलेला माणूस "दहा मिनिटं बसतो" म्हणून बसतो आणि शेवटच्या शेंगेपर्यंत उठत नाही.

मुलगी पुण्याहून येते. तिचं ऑफिस लॅपटॉपमध्येच असतं. एकदा ती कानात इअरफोन घालून मीटिंग ऐकत ऐकत घाटे सोलत होती आणि माईक चालू राहिला. तिकडच्या साहेबानं विचारलं, मागं भाजीबाजार भरलाय का. आईनं तिकडंच तोंड करून सांगितलं, "या की तुमी बी. पावटा लई पडलाय."

मिरजेचा माझा एक मित्र बायकोला घेऊन येतो. त्यांचं घराणं सतारी-तंबोऱ्यांचं, सतारमेकर गल्लीतलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्या वर्षापासून आम्ही त्याला 'सरकारमान्य' म्हणतो. त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर भागातून येतात. समोरच्या वहिनींनी एकदा विचारलं, "एखादा भोपळा खेंगटात घालायला आणा की." तो म्हणाला, "आमचा भोपळा कडू, वहिनी. तो वाजवायचाच." त्याची बायको, म्हणजे आमच्या भाभी, येताना दर वर्षी कोथिंबीर आणि आलं आणतात, आणि कोथिंबीर निवडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

तारखेचा वाद पहिल्याच वर्षी झाला होता. २०२० मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती, म्हणजे भोगी १४ ला. गल्लीतल्या पोरांना ते पटेना. संक्रांत १४ लाच असते, शाळेत शिकवलंय. गल्लीत एक निवृत्त भूगोलाचे मास्तर आहेत. ते घाटे सोलत सोलत सांगायला लागले. सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण दर वर्षी सहा तासांनी पुढं जातो, लीप वर्षाचा दिवस आला की पुन्हा मागं येतो, म्हणून १४-१५ ची उडी. शिवाय आपण राशी मोजतो ते वर्ष कॅलेंडरच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं, म्हणून साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढं सरकते. "स्वामी विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला. त्या दिवशी संक्रांत होती," मास्तर म्हणाले. पोरं गप्प. आई म्हणाली, "म्हणजे पुढं जाऊन शिमग्याला येईल म्हणा की." मास्तरांनी तेही मनात मोजून बघितलं आणि सांगितलं, "मार्चात येईल, पण तोवर शिमगाही तेवढाच पुढं गेलेला असेल. तुम्हा-आम्हाला तेव्हा पातेलं काढायला लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल. खेंगटाची पाककृती अशी लिहून ठेवावी अशी काही अवघड नाही, क्रम तेवढा सांभाळायचा. आमच्याकडं पंचवीसेक पानं होतात. वांगी दोन किलो, गाजर दीड किलो, पावट्याचे दाणे किलोभर, मटार आणि हरभऱ्याचे सोलाणे अर्धा अर्धा किलो, घेवड्याच्या शेंगा मोडून, रात्री भिजवलेले शेंगदाणे पाव किलो, आणि बोरं ओंजळभर. वांगी कृष्णाकाठची, हिरवट पांढरी, काट्याची. जांभळी वांगी घातली तर रस्सा काळपट दिसतो, आणि आमच्याकडं या विषयावर कुणी जांभळ्याची बाजू घेत नाही.

तेल तापलं की मोहरी, जिरं, हिंग, हळद. हळद सांगलीतच घ्यावी असा हट्ट कुणाला करावा लागत नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत हळदीची पोती उतरत होती. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, लसूण, आलं यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. त्यात घरची कांदा-लसूण चटणी. गरम मसाला नाही. हे मी जोरात लिहितोय कारण मोबाईलवर भोगीच्या भाजीत गरम मसाला, टोमॅटोची प्युरी आणि एका ठिकाणी तर पनीर बघितलं. पनीर! या दिवसांतला कोवळा पावटा स्वतःच इतका गोडूस असतो, त्याच्यावर दालचिनी कशाला लादायची?

आधी भिजलेले शेंगदाणे आणि पावटा, गरम पाण्याचा हबका मारून झाकण. ते अर्धवट शिजले की सोलाणे, मटार, घेवडा. मग गाजर. वांगी त्याच्यानंतर, कारण आधी घातली तर त्यांचा गाळ होतो. मी दर वर्षी चुलीपाशी आणि आई दर वर्षी खिडकीत.

"आरं, दाणं शिजलं का बघ आधी. वांगं काय पळून जातंय का?"

चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, शेवटी भाजलेल्या तिळाचा कूट भरपूर, आणि बोरं. बोरांवर आमच्याकडं दोन तट आहेत. आईचा पक्ष म्हणतो अख्खी बोरं हवीतच, सुगडात जे असतं ते भाजीत असलंच पाहिजे. मुलीचा पक्ष म्हणतो, दाताखाली बी आली की सगळी मजा जाते. मिरजेचा मित्र कुंपणावर. मी बोरं घालतो आणि वाढताना मुलीच्या पक्षाच्या वाट्या चुकवतो.

बाजरीचं दळण आदल्या दिवशीच आणायचं, त्याच्या आधी नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ ठेवलं की लवकर कडवटतं. पीठ गरम पाण्यात मळायचं आणि एका भाकरीपुरतंच मळायचं, मळून ठेवलेलं पीठ तव्यावर तडकतं. थापताना वरून तीळ पेरायचे. पाण्याची बाजू वर, पाणी सुकलं की उलथायची, आणि मग थेट विस्तवावर. भाकरी मला येते, पण सणाला माझ्या हातची कुणी मागत नाही, समोरच्या वहिनींच्या हातची पातळ असते. मी विस्तव सांभाळतो. भट्टीची सवय.

राळ्याबद्दल सांगायलाच हवं. बारीक, पिवळं धान्य. आमच्या लहानपणी जत-आटपाडीकडचे पाहुणे येताना पायलीभर घेऊन यायचे, मग ते दिसेनासं झालं. आई दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी किराणा दुकानं पालथी घालायचो. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेच राळं चकचकीत पाकिटात, तब्येतीच्या मालाच्या कप्प्यात येऊन बसलं. आईला पाकिटावरची किंमत सांगितली नाही. भात सोपा असतो. राळं दोन-तीनदा रोळून घ्यायचं, बारीक खडे तळाशी बसतात, ही पायरी टाळली तर जेवताना सगळ्यांना कळते. वाटीला अडीच वाट्या पाण्याचं आधण, मीठ, मंद आच, पंधरा-वीस मिनिटं. झाकण काढून लगेच ढवळायचं नाही. त्यावर खेंगटाचा रस्सा आणि कडेला दह्याची कवडी. दुसऱ्यांदा भात न घेणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि त्यात पुण्याचेही धरले आहेत.

पानं परसातच मांडतो. आधी एक पान देवाला, एक लेकीबाळींना. ज्यांच्या मोटारी दुकानात अडकल्यात ते लोक हक्कानं येतात, त्यांची बिलं त्या दिवशी कुणी काढत नाही.

संक्रांत त्या मानानं घरची असते. सकाळी बायका सुगडं घेऊन ओवसायला जातात. गुळपोळी हे बायकोचं खातं, मी फक्त गूळ किसून देतो, तोही साधा. चिकीचा गूळ वडीला ठीक, पोळीत घातला तर गार झाल्यावर दातांची परीक्षा. किसलेल्या गुळात तिळाचा कूट, खमंग भाजलेलं थोडं बेसन, खसखस, वेलदोडा, आणि मळताना तेलाचा हात. दोन पाऱ्यांच्या मध्ये गुळाची चपटी गोळी, कडा दाबून बंद, आणि लाटताना गूळ काठापर्यंत गेला पाहिजे. बायको प्रत्येक पोळी उजेडाकडं धरून बघते. एका पाहुण्यांनी एकदा गरमच मागितली. त्यांना साजूक तूप वाढलं आणि सांगितलं, गार होईपर्यंत तुमच्या तालुक्यातल्या पावसाचं सांगा.

हळदीकुंकवाला ती दोन वर्षांपासून प्लास्टिकचे डबे वाटायचं बंद करून हळदीच्या पुड्या वाटते. मार्केट यार्डातल्या माझ्या एका दोस्ताकडून हळकुंडं आणायची, गिरणीतून दळून घ्यायची, कागदात बांधायची. शाळेतल्या बायकांनी पहिल्या वर्षी नाकं मुरडली. गेल्या वर्षी एकीनं आधीच फोन करून विचारलं, "अहो, यंदा पण हळदच आहे ना?"

तिळगुळाचा डबा मी दुकानात काउंटरवर ठेवतो. येईल त्यानं घ्यावा. मोटार घासाघीस करून नेणारे दोन घेतात.

किंक्रांतीला काही करायचं नसतं, चांगलं काम सुरू करू नये म्हणतात. मी दुकान उघडतो, जुनी कामं चालतात. पातेलं घासून माळ्यावर चढवायचं काम माझं. डब्यात शिळी भाकरी कुस्करून त्यावर उरलेलं खेंगट. रात्रभर मुरल्यावर पावटा आतून तिखट होतो आणि वांग्याचा पत्ता लागत नाही. नांद्र्याच्या एका गिऱ्हाइकानं या वर्षी तेवढंच मागून नेलं आणि जाता जाता विचारलं, पुढच्या भोगीला घाटे किती लागतील, तेवढा हरभरा बांधावर टाकतो.